भरीत पार्टीचं न झालेलं भांडण

तमाम खान्देशवासीयांस, विशेषतः वांग्यावर जीव टाकणाऱ्या सज्जनांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, यंदाच्या हिवाळ्यात जळगाव मुक्कामी आमच्या कचेरीत भरीत पार्टीआधीचे भांडण झाले नाही. कोणी कोणावर रुसले नाही. कोणी डबा आपटला नाही.

ही बाब किती गंभीर आहे हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. थंडी पडली की आमच्याकडे शेतात जायचं, कपाशीच्या काड्यांवर हिरवी थोराड वांगी भाजायची, हिरव्या मिरच्यांबरोबर लाकडी दांड्याने ठेचायची आणि पुरीबरोबर खायची. अर्ध्या दिवसाचं काम. त्याआधीचं भांडण मात्र पंधरवडाभर चालतं. वांगी बामणोदची की आसोद्याची? शेत चोपड्याकडचं की वरणगावकडचं? लसूण किती? आमचे सर्वांत जुने कारकून नाना वरणगावचे आणि हिशेब पाहणाऱ्या अक्का चोपड्याच्या. दोघं अशा तावात बोलतात की बाहेरच्याला वाटावं, बांधाचा वाद कोर्टात गेलाय. मी मधल्या टेबलावर बसतो आणि दोन्हीकडे रॉकेल ओततो. एका वर्षी मी नानांच्या कानात सांगितलं, अक्का तुमच्या वांग्यांना भोपळे म्हणाल्या. अक्का तसं म्हणाल्या नव्हत्या, पण म्हणायला हव्या होत्या.

आमची कचेरी वाहनविम्याच्या दाव्यांची. ट्रॅक्टर उलटला, टेम्पो नाल्यात गेला, की कागद आमच्याकडे येतात. गेल्या उन्हाळ्यात प्रत्येकाच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक चौकट आली. तिला काहीही विचारा. ती नियम काढून देते, पत्र लिहून देते, वर रागावत नाही. कोणी एआय म्हणे, कोणी मशीन म्हणे. नानांनी नाव ठेवलं जावई. कोपऱ्यात बसतो, सगळं आपल्यालाच कळतं असं वागतो, आणि साहेबांसमोर त्याला कोणी काही बोलायचं नाही.

खोटं कशाला बोलू, काम हलकं झालं. माझी दुपारची डोकेदुखी गेली. अक्का दिवेलागणीच्या आत घरी पोहोचू लागल्या. पण कचेरीवर हळूहळू एक गुंगी उतरली. पूर्वी दिवसभर "नाना, ते परिपत्रक कुठलं हो?" असं चालायचं. माणूस उठून दुसऱ्याच्या टेबलाशी जायचा, उत्तर सापडेपर्यंत चहा यायचा, चहाबरोबर कोणाच्या तरी पोरीचं लग्न निघायचं. आता कोणालाच उठावं लागेना. दुपारचं पिवळं ऊन फरशीवरून सरकत सरकत भिंतीवर चढायचं. कुठून तरी कापसाचा तंतू तरंगत आत यायचा आणि पंख्याखाली बराच वेळ गोल फिरत राहायचा. सगळे आपापल्या उजेडाकडे तोंड करून, पाण्याखाली बसल्यासारखे. मला वाटायचं, आत्ता हाक मारली तर आवाजाऐवजी बुडबुडा निघेल.

त्या पाण्यात गणपतीच्या सुमारास धुळ्याची एक मुलगी बदलून आली. तिशीची असेल. काम चोख. जावयाने तिला आमची सगळी कामाची पद्धत शिकवली, त्यामुळे आमच्यापैकी कोणाला तिला काही शिकवावं लागलं नाही. सकाळी मान हलवायची, संध्याकाळी मान हलवायची. मधल्या वेळात ती पडद्याकडे बघत डबा खायची.

दिवाळीनंतर एके दिवशी साहेब मला आत बोलावून म्हणाले, "धुळ्याला परत पाठवा असा तिचा अर्ज आहे. तिथे जागा नाही. इथे कायम राहते की नोकरी सोडते, हे तिने महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. सोडेल असं दिसतं. घर तिच्या पगारावर चालतं, तरी सोडेल. इथे कमी काय आहे हो?"

मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात तिच्या टेबलामागून जाताना मी पडद्यावर वाचलं होतं. तिने जावयाला विचारलं होतं, जळगावात रविवारी एकट्याने काय करावं? त्याने तलाव, देवळं, एक मॉल असं सुबक उत्तर दिलं होतं. तिची भाड्याची खोली नानांच्या घरामागच्या गल्लीत होती. नानांना ते ठाऊक नव्हतं. खोली शोधायलासुद्धा तिला कोणाला विचारावं लागलं नव्हतं.

मग थंडी पडली. नानांनी घसा खाकरला, अक्कांनी पदर खोचला, मी रॉकेलचा डबा उघडला, आणि साहेब बाहेर येऊन म्हणाले, "यंदा वेळ घालवायचा नाही. जावयाकडून सगळं ठरवून घेतलंय." मिनिटाभरात प्रत्येकाच्या मोबाईलवर आपापलं काम आलं. शेत ठरलं, गाड्या ठरल्या, कोण काय आणणार तेही ठरलं. अक्का हळूच म्हणाल्या, "झालं? इतकंच?"

शेत चोपड्याच्या रस्त्यावर होतं, सातपुड्याची निळी रेघ दिसेल इतकं जवळ. शेजारी केळीची बाग. पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड सतरंजीवर पडला होता, काड्यांचा धूर त्यात अलगद मिसळत होता, आणि त्या हिरव्या धुरात आमची सगळी कचेरी ओळीने बसून मोबाईल बघत होती. धुळ्याची मुलगी तिच्या वाट्याला आलेल्या थाळ्या पुसत होती. मला क्षणभर शंका आली की आम्ही इथे आलोच नाही आहोत, कोणाच्या तरी स्वप्नात बसलो आहोत, आणि तो माणूसही कंटाळलाय.

वांगी भाजून झाली. अक्कांनी हात पुढे केला. "मिरच्या आणा."

सगळ्यांनी आपापल्या पिशवीत पाहिलं.

"अहो, मिरच्या कोणाकडे आहेत?"

"माझ्याकडे टमाटे," नाना म्हणाले.

"टमाटे कशाला?"

"मोबाईलवर आलं तसं आणलं. मला वाटलं कोशिंबीर करायची असेल."

"माझ्याकडे गरम मसाला," मी खुनाचा कबुलीजबाब द्यावा तसा म्हणालो.

साहेबांनी घाईघाईने सगळा बेत पहिल्यांदा मोठ्याने वाचला. वांगी सोलून, टोमॅटो परतून, लाल तिखट, गरम मसाला... अक्कांनी दांडा पोत्यावर टाकला. "अहो, हे कुठलं भरीत? आणि आणताना एकालाही वाटू नये, शेजारच्याला विचारावं?"

नाना अडचणीत आले की दुसऱ्याचं गाव पुढे करतात. ते म्हणाले, "धुळ्याकडची रीत असेल. तिकडे टाकतात म्हणे टमाटे."

खण्णकन थाळी पडली.

"कोन म्हनस?" ती मुलगी उभी राहिली होती, तोंडात थेट घरची अहिराणी. "आम्हना धुळामा भरीतमा टमाटा टाकतस? मन्ही मायनी हाई आयकं ना नाना, तं टमाटासंगे तुम्हले बी चुलामा घाली!"

केळीच्या बागेतून पाखरं उडाली. मला इतका आनंद झाला की मी गरम मसाल्याची पुडी छातीशी धरली.

"अरे बापरे," नाना म्हणाले. "एवढा आवाज होता, तर गणपतीपासून कुठे ठेवला होतास?"

"कोणाजवळ काढू?" ती म्हणाली, आता कचेरीतल्या मराठीत. "पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, काही अडलं तर जावयाला विचार. अडलंच नाही काही, कधीच."

नानांनी टमाट्यांची पिशवी बाजूला सारली. मग म्हणाले, "आता अडलंय ना. मिरच्या नाहीत. जा अक्कांबरोबर, मागून आण शेजारून."

दोघी केळीच्या बागेत शिरल्या आणि हिरव्या उजेडात दिसेनाशा झाल्या. बऱ्याच वेळाने आधी अक्कांचं हसू ऐकू आलं, मग त्या आल्या. मुलीच्या ओढणीत गच्च मिरच्या. अक्का सांगत होत्या, "हिला मी म्हटलं, दर रविवारी माझ्याकडे यायचं. तर म्हणते, भाकरी मी थापणार, तुमच्या जाड होतात! घ्या."

त्यानंतर जे झालं ते देखणं होतं. लसणावरून झालं, शेंगदाण्यांवरून झालं, वांगं आधी ठेचायचं की मिरची, यावरून तर मी दोन्ही बाजूंनी बोललो. मोबाईल सतरंजीवर पालथे पडून होते. ऊन कलत आलं, डोंगराची रेघ जांभळी झाली.

साहेब स्वतःपुरतं बिनलसणाचं पातेलं सांभाळत तिच्याजवळ गेले. साहेबच ते, त्यांना वेळकाळ नाही. "मग वरती काय कळवू? राहणार की सोडणार?"

तिचं लक्षच नव्हतं. नानांनी दांडा हातात घेतला होता आणि ते वांगं नुसतं कुरवाळत होते. तिने तो हिसकावून घेतला आणि ओरडली, "सरका नाना! पुढला सालले वांगा मी आणसू धुळाथून, आन् त्या जवाईले कोनी काही इचारशात ना, तं याद राखा!"