आधी तुमी बोला!

शाळाशाळांत जाऊन वयात येणाऱ्या मुलामुलींशी गप्पा मारणं, हे माझं काम. रिपोर्टात त्याला ‘सत्र’ म्हणतात. सत्रात मी काय शिकवलं ते मीच विसरते. पण परतीच्या एसटीत मी आणि माझे सहकारी रफिक सर ज्यावर हसत येतो, ते काही डोक्यातून जात नाही. आता इतकं साठलंय की कुणी नुसतं ‘काय चाललंय?’ विचारलं तरी एखादा किस्सा बाहेर पडतोच!

*

बोरी गावच्या शाळेत आठवीच्या वर्गात मी विचारलं, “वयात येणं म्हणजे काय?”

शेवटी एक पोरगा उठला. “मॅडम, शेळ्या राखायच्या असल्या की आई म्हणती, तू आता मोठा झालास. आन् मोबाईल मागितला की म्हणती, तू अजून ल्हान हायस! मधलं जे हाय, ते वयात येणं.”

फळ्यावर लिहायची माझी व्याख्या मी तशीच पर्समध्ये ठेवली.

*

एका शाळेत रोज प्रार्थना म्हणणारा मुलगा एकदम गप्प झाला. “लय माज आलाय त्याला,” शिक्षक म्हणाले.

माज कसला! आवाज फुटला होता. मध्येच चिरकायचा आणि पोरं हसायची.

रफिक सरांनी त्याला काहीच विचारलं नाही. वर्गासमोर उभे राहिले आणि स्वतःच खड्या आवाजात प्रार्थना सुरू केली. सरांचा आणि सुराचा काडीचा संबंध नाही! वर्ग हसून लोळला. मग सर म्हणाले, “या वयात सगळ्यांचाच आवाज फुटतो. माझाबी फुटला होता. काही दिवसांनी जागेवर बसतो.”

तो मुलगा गंभीरपणे म्हणाला, “सर, तुमचा अजून बसायचाय!”

*

गंगाखेडच्या पालकसभेत एक वडील म्हणाले, “पोरगं लय चिडायलंय. बोलतच न्हाई.”

मी सुचवलं, “अभ्यास आणि ऊस सोडून त्याच्याशी रोज काहीतरी बोला.”

पुढच्या वेळी ते भेटले. “बोललो की, मॅडम!”

“काय बोललात?”

“म्हणलं, मॅडमनी बोलायला सांगितलंय. बोल.”

“मग?”

“तो म्हणाला, आधी तुमी बोला! मग बसलो दोघंबी गप. त्यानं टीव्हीवर मॅच लावली. आपण हारलो ना! मग कुठं, लय बोललो!”

*

आणि ही रेणुका. नववीतली. आईवडील मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेले, ही शाळेसाठी काकाकडे राहायची. वर्गात तोंड म्हणून उघडायची नाही. काका म्हणायला लागले होते, “शाळेत मन लागत न्हाई तर मेंढरामागंच धाडतो.”

एकदा मी वर्गाला विचारलं, “वाईट वाटलं की तुम्ही कुणाला सांगता?” कुणी आईला म्हणालं, कुणी मैत्रिणीला. रेणुकाचा नंबर आला. ती पहिल्यांदाच बोलली.

“मेंढीला.”

वर्गात हशा! सगळ्यात जोरात हसली ती तिच्या शेजारची सोनाली. ही पोरगी झोपेतसुद्धा बडबडत असणार.

मी विचारलं, “काकांच्या दारातली मेंढी काय म्हणते मग?”

“काई न्हाई. पण ती मधीच बोलत न्हाई.”

हशा थांबला.

तास संपल्यावर सोनाली माझ्या मागे आली. “मॅडम, मधी न बोलता ऐकायचं कसं असतं?”

“तोंड मिटून,” मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात त्या शाळेत गेलो, तेव्हा मधली सुट्टी चालू होती. पटांगणाच्या कडेला कडुलिंबाखाली दोघी बसलेल्या. रेणुका हातवारे करत बोलतेय आणि सोनालीनं स्वतःच्या तोंडावर ओढणी गच्च दाबून धरलीय.

मी हसत जवळ गेले. सोनालीनं ओढणी काही सोडली नाही. दुसऱ्या हातानं मलाच खूण केली, जा, जा!