सप्टेंबर धोंडू गुरव

पायदळातून निवृत्त झालो, पोस्टिंग मात्र संपली नाही. सध्याचं ठाणं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क. संगमरवराचा कारखाना, सिक्युरिटी इन-चार्ज.

गेल्या हिवाळ्यात इटलीचा दगड इथे कोरून परत इटलीला चालला होता. कारण देणगीदार दुबईत राहतो. दगड एका छोट्या डोंगरी गावातल्या चर्चसाठी होता. आर्किटेक्ट लुचिया त्याच गावची. तिने फोटो दाखवून समजावलं होतं: चर्चचा पाया त्याहून जुन्या देवळाचा, घंटेचा मनोरा चर्चपासून सुटा, आणि त्याचा वरचा भाग फिक्या दगडाचा. मूळ भाग दुसऱ्या महायुद्धात तोफांनी उडवला. तिच्या लेखी ते स्थापत्य, माझ्या लेखी ऑब्झर्व्हेशन पोस्ट. जर्मनांचं मत माझ्यासारखंच पडलं; त्यांनी वर टेहळणी बसवली. मनोऱ्याखालच्या चढावर ब्रिटिशांच्या फौजेतले आपले तीन जवान पडले. तिघेही माझ्याच पलटणीचे, माझ्या जन्माआधीचे. दगड त्यांच्या नावाचा. सोनेरी आणि तिप्पट मोठं नाव देणगीदाराचं.

ट्रक गेटकडे निघाल्यावर लुचियाने मोबाइलवर कोरीव काम दाखवलं. प्रत्येक नावाआधी ‘सेत’.

“हे ‘सेत’ काय?”

“सेत्तेंब्रे. सप्टेंबर. इंग्रजीत ‘सेप’ लिहिलं होतं, मी इटालियन केलं. लढाई त्याच महिन्यातली ना?”

“मॅडम, सेप म्हणजे सेपॉय. तो हुद्दा आहे.”

मी वॉकी-टॉकी उचलला. “गेट वन, कंट्रोल. ट्रक रोख. ओव्हर.”

“साहेब, पेपर ओके आहेत. मॅनेजर यल्ला यल्ला करतोय, लवकर सोड म्हणतोय. ओव्हर.”

“गोताड, बॅरियर खाली. ऑर्डर माझी. आउट.”

मॅनेजर धावत आला. “हबीबी, संध्याकाळची फ्लाइट आहे! रविवारी बिशप येणार!”

“बिशप काय सप्टेंबर महिन्याला आशीर्वाद देणार?”

दगडावर खोडरबर चालत नाही. दुसरा दगड मिळेपर्यंत समारंभ उरकला असता. ट्रक परत आणल्यावर लुचियाने दगडाच्या क्रेटभोवती एक फेरी मारली.

“उलटा करा,” ती म्हणाली. “मागची बाजू कोरा.”

दुपारपर्यंत काम झालं. मुलाम्याला वेळ नव्हता, म्हणून देणगीदार तळाच्या एका बारीक ओळीत मावला. त्याचं सोनेरी नाव आता कायमचं भिंतीकडे तोंड करून आहे.

चर्चमध्ये नावं लुचियाच वाचणार होती. तिने सराव केला. “दोंदू.”

“धो, मॅडम, धो! पोटातनं!” गेटवरून आलेला गोताड ओरडला. मग हळूच मला म्हणाला, “साहेब, दगडावरचे ते पाष्टे आमच्याकडचे वाटतात.”

“सेपॉय म्हणजे नक्की काय?” लुचियाने विचारलं.

“शिपाई. हुद्द्यात सगळ्यात खाली. चढावर सगळ्यात पुढे.”

ती दगडासमोर जाऊन उभी राहिली. मग दगडाकडे पाहून सावकाश वाचत गेली, आणि या वेळी एकही अक्षर चुकलं नाही.

सेपॉय धोंडू गुरव. सेपॉय रामा पाष्टे. सेपॉय बाळू खोत.