तीन नावांची केबिन, दोन प्रवासी

जायचं ठरलं ते रागाच्या भरात. कंपनीचा तिसरा ईमेल वाचला, दुकानाचं शटर भर दुपारी ओढलं आणि आत बसून ठरवलं की आता जायचंच.

आधी मी कोण ते सांगते. हिंगोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवरचे नियम वाचायचे आणि त्यांना समजावून सांगायचे, हे माझं काम. माझे मिस्टर गजानन यांचा हळद शिजवायचा कुकर होता. ट्रॅक्टरला जोडून शिवाराशिवारात न्यायचे आणि लोकांची हळद शिजवून द्यायचे. सीझनभर वाफेत उभं राहायचं, घरी आले की कपड्यांना, केसांना, बोटांच्या पेरांनाही तोच वास. आम्हाला मूलबाळ नाही. कुठे फिरायला गेलो तर औंढा, माहूर, त्यापुढे नाही.

मार्चमध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली ती मला. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री, 'दुसऱ्या प्रवाशाचं तिकीट मोफत', वर जहाजावर खर्च करायला काही हजारांचं क्रेडिट. मी गमतीनं म्हटलं, "बघा, बायको फुकटात." त्यांनी हसत हसत सलीमभाईंना फोन लावला. सलीमभाई त्यांचे शाळेपासूनचे मित्र, बसस्टँडजवळ तिकिटांचं ऑफिस आहे त्यांचं. नोव्हेंबरचं बुकिंग झालं.

ऑगस्टमध्ये गजानन गेले. सकाळी छातीत कळ आली, नांदेडला नेताना वाटेतच.

दिवसकार्य उरकल्यावर मी कंपनीला लिहिलं. मला वाटलं, मृत्यूचा दाखला जोडला की पैसे परत मिळतील. उत्तर आलं की ऑफरमधलं बुकिंग परत न करण्याच्या अटीवर असतं. दुसरं उत्तर आलं की पुढच्या सफरीसाठी क्रेडिट मिळेल, पण ते मुख्य प्रवाशाच्याच नावावर राहील आणि त्यासाठी मुख्य प्रवाशानं स्वतः अर्ज करावा. मुख्य प्रवासी म्हणजे गजानन. मी पुन्हा दाखला जोडला. तिसरं उत्तर पहिल्या उत्तराचीच नक्कल होतं, फक्त शेवटी 'आपला दिवस आनंदात जावो' असं होतं.

जे नियम मी रोज लोकांना वाचून दाखवते, ते स्वतःच्या बुकिंगच्या वेळी एकदाही उघडून पाहिले नव्हते. तुम्ही पाहा. 'मोफत' म्हणजे फक्त मूळ भाडं मोफत. बंदराचं शुल्क, कर, सेवाशुल्क दोघांनाही पूर्ण लागतं. ऑफर मुख्य प्रवाशाच्या नावाला चिकटलेली असते. दुसऱ्याचं नाव बदलता येतं, त्याचं नाही. आणि प्रवासाचा विमा वेगळा काढावा लागतो. तो आम्ही काढला नव्हता.

सलीमभाईंकडे गेले तेव्हा त्यांनी कंपनीला फोन लावून बराच वेळ बोलून पाहिलं. मग फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, गजूभाऊचं नाव काढलं की पूरी बुकिंग जाते. नाव राहू दिलं तर तुम्ही जाऊ शकता. ते आले नाहीत एवढंच दिसेल. सोबत कोणी पाहिजे तर तिसरा माणूस त्याच केबिनमध्ये टाकता येतो."

मी साखऱ्याला, आमच्या गावी गेले, सासूबाईंना सांगायला. मी त्यांना आत्या म्हणते. शेळ्यांना पाला टाकत होत्या. ऐकून म्हणाल्या, "येडी झाली का तू? तीन महिने न्हाई झाले. लोक काय म्हनतीन?"

"म्हणू द्या. मी जाणार आहे."

त्या पाला टाकत राहिल्या. शेवटची पेंढी संपल्यावर म्हणाल्या, "एकलीला न्हाई जाऊ देनार मी. माहं बी नाव टाक."

जहाजाचा ऑनलाइन चेक-इन निघायच्या आधीच करावा लागतो. केबिनमधल्या प्रत्येकाचा फॉर्म भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी माझा भरला, आत्यांचा भरला, आणि मग गजाननचा. फोटो जोडा. जोडला. गेल्या चौदा दिवसांत ताप, खोकला, दम? नाही. काही जुना आजार? नाही. वरील माहिती खरी आहे. टिक केलं. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना वाटलं त्यांचंच काम चाललंय.

हिंगोलीहून आता मुंबईला थेट गाडी आहे. पहाटे निघते आणि दुपारी सीएसएमटीला सोडते. आम्ही आदल्या दिवशी जाऊन स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. तुम्हीही एक दिवस हातात ठेवा, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही आणि उशीर झाला तर पैसे गेले. धर्मशाळेसारख्या त्या लॉजवर आत्या पलंगावर न झोपता खाली चादर टाकून झोपल्या. सकाळी टॅक्सीनं टर्मिनल दहा मिनिटांवर. तपासणीत आत्यांनी आणलेले धपाटे काढून घेतले. बाहेरचं खाणं चालत नाही. आत्यांनी रिकामं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं.

काउंटरवरच्या मुलीनं तीन ओळखपत्रं मागितली. मी दोन दिली. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. "मॅम, तीन गेस्ट आहेत. सर कुठे?"

मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते. पर्समध्ये दाखल्याच्या सात प्रती होत्या. मागे रांग लागली होती, माझ्या खांद्याला कुणाची तरी बॅग लागत होती, बाजूला फुगे लावले होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "मागून येतायत."

तिनं तीन कार्डं माझ्या हातात ठेवली.

त्या कार्डाबद्दल सांगते, कारण जहाजावर तेच सगळं असतं. खोलीची किल्ली तेच, पैसेही तेच. रोख चालत नाही. सुरुवातीला डेबिट कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात किंवा रोख अनामत घेतात, मग चहापासून फोटोपर्यंत जे घ्याल ते केबिनच्या खात्यावर चढतं. जेवण तिकिटात असतं, पण काही हॉटेलं आतही वेगळी आहेत, तिथे दारात विचारून घ्या. ऑफरमधलं क्रेडिट या खात्यात जमा दिसतं. रोख मिळत नाही, उरलं तर बुडतं.

आत शिरताना दारावर प्रत्येकाचं कार्ड मशीनला लावतात. मी दोन लावली. तिसरं मुठीत होतं.

केबिन आठव्या मजल्यावर, आगगाडीतल्या कूपेपेक्षा थोडी मोठी. आत्यांनी गोल खिडकीतून खाली पाहिलं आणि लगेच मागे सरकल्या. तासाभरानं भोंगा वाजला. जहाज सुटण्याआधी सगळ्यांनी ठरल्या जागी जमायचं असतं, संकटात कुठे यायचं ते कळावं म्हणून. ही कवायत चुकवता येत नाही. आम्ही पाचव्या मजल्यावरच्या उघड्या जागेत जाऊन उभ्या राहिलो. दोनेकशे माणसं असतील. पोरं रडत होती, ऊन सरळ तोंडावर. एक परदेशी अधिकारी काउंटरवर कार्डं दिलेल्यांची यादी घेऊन केबिनवार नावं घेत होता.

माझं नाव घेतलं, मी हात वर केला. आत्यांचं घेतलं, मी त्यांचा हात वर केला. मग त्यानं वाचलं, "मिस्टर गजानान."

मी हात खालीच ठेवला. त्यानं पुन्हा वाचलं, आणि पुढच्या केबिनकडे गेला. मला वाटलं सुटलो.

सगळी नावं झाली तरी कवायत संपेना. वायरलेसवर काहीतरी बोलणं झालं आणि संपूर्ण जहाजावरच्या स्पीकरमधून आवाज आला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. केबिन क्रमांक, आणि गजानन यांनी ताबडतोब आपल्या जागी यावं. थांबून परत. थांबून परत. तिसऱ्या वेळी पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

आत्यांनी माझा हात घट्ट धरला. "गजूचं नाव घेऊन राहिले का गं?"

"व्हय, आत्या."

"काहून?"

शेजारी एक नाशिकचे गृहस्थ होते, कुटुंबासोबत आलेले. ते मोठ्यानं म्हणाले, "एका माणसापायी दोनशे लोक उन्हात उभे. पीत बसला असेल कुठेतरी!" दोघेतिघे हसले.

आत्या हात सोडून चालू लागल्या. लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला आणि माणसांतून वाट काढत थेट त्या अधिकाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे धावले. त्या त्याला म्हणाल्या, "साहेब, नका हाका मारू. तो वारला. मी त्याची माय हाय."

त्याला मराठी कळत नव्हतं. तो हसून म्हणाला, "यस मॅडम, वन मिनिट," आणि वायरलेस तोंडाजवळ नेला. आत्यांनी त्याच्या हातातली यादी बोटानं ठोकली. "वारला म्हनते ना मी. वारला!"

मी दाखला काढायला पर्स उघडली, पण चेन अडकली. तेवढ्यात ते नाशिकचे गृहस्थ पुढे आले. चेहरा उतरला होता. त्यांनी इंग्रजीत त्या माणसाला समजावलं, हळू आवाजात, दोनच वाक्यांत. अधिकाऱ्यानं टोपी काढली. मी शेवटी चेन ओढून कागद बाहेर काढला आणि मुठीतलं तिसरं कार्डही त्याच्या हातात दिलं. त्यानं पेनानं यादीवर एक रेघ मारली.

स्पीकर बंद झाला. माणसं आमच्यासाठी वाट सोडून बाजूला झाली. एवढी वाट नको होती.

जहाज सुटलं तेव्हा वर बँड वाजत होता. आम्ही खोलीत होतो. आत्या खिडकीकडे पाठ करून बसल्या, मी त्यांच्या पायाशी.

गोव्याला जहाज दिवसभर थांबतं. बाहेर फिरायच्या सहली आत महाग मिळतात. गेटबाहेर टॅक्सी निम्म्यात मिळते असं लोक सांगत होते. आम्ही उतरलो नाही. बहुतेक माणसं गेल्यावर वरच्या डेकवर खुर्च्यांवर बसलो. जेवणात वरण-भात मिळाला, तो आत्यांनी आणला तसा परत नेला. त्या नाशिकच्या गृहस्थांच्या बायकोनं लांबून हात जोडले, जवळ आल्या नाहीत.

मग आत्या म्हणाल्या, "त्या पोरीला काय म्हनली व्हती तू? तिथं, कारडं घेताना."

मी खोटं बोलू शकले असते. "मागून येतायत म्हटलं, आत्या. तोंडातून निघून गेलं. माझ्यामुळं तुम्हाला तसं उभं राहावं लागलं."

"मी आयकलं व्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्या पाण्याकडे बघत होत्या. "म्या मागं वळून पाह्यलं ना, बाई. दाराकडं. खरंच येऊन राहिला का म्हनून."

मग त्या रडल्या. गजानन गेले त्या दिवसापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेराव्यालाही त्या चुलीपाशीच होत्या. त्या दिवशी दुपारभर रडल्या, आवाज न करता, आणि मीही. कर्मचारी दोनदा येऊन पाण्याच्या बाटल्या ठेवून गेला. त्या खात्यावर चढल्या नाहीत, हे मी नंतर पाहिलं.

शेवटच्या दिवशी सकाळी दाराखालून हिशेबाचा कागद येतो. तो नीट वाचा, रांग लागायच्या आधी. आमच्या कागदावर क्रेडिट शून्य झालं होतं, कारण मुख्य प्रवाशाचं नाव कापलं गेलं. पण रोजचं सेवाशुल्क मात्र तीन माणसांचं लावलं होतं. मी रिसेप्शनवर गेले. तिथल्या मुलीनं आधी 'सिस्टम' म्हणून सांगितलं. मी त्यांच्याच अटींचं पान मोबाइलवर उघडलं आणि ओळ दाखवली: शुल्क जहाजावर असलेल्या प्रवाशांसाठी. एक दाखला पुढे सरकवला. तिनं वाचला आणि एक रक्कम कमी केली. जो प्रवासी चढलाच नाही त्याचं बंदराचं शुल्क आणि कर मागितल्यास परत मिळतात, हेही त्याच पानावर होतं. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. परत आल्यावर मी अर्ज केला, चार वेळा आठवण दिली, पैसे आले.

लोक विचारतात, क्रूझ कशी वाटली? जहाज मोठं आहे, स्वच्छ आहे, तुम्ही आनंदात असाल तर आनंद मिळेल. मी पुन्हा जाणार नाही. मुंबईत उतरले तेव्हा माझा कंपनीवरचा राग संपला होता, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं. रागात निदान ईमेल लिहिता येतात.

आत्यांना सोडायला साखऱ्याला गेले. संध्याकाळी शेजारच्या बाया येऊन ओट्यावर बसल्या. मी आत चहा करत होते. एकीनं विषय काढलाच. "सून हौशी हाय बाई तुमची. नवरा जाऊन चार दिवस न्हाई झाले न् जहाजात बसून आली."

आत्यांचा आवाज आला, "ती कुठं जात व्हती? न्हाईच म्हनत व्हती. मीच हट्ट धरला. माह्या लेकानं तिकीट काढलं व्हतं, म्हनलं मला समुद्र दाव. रडत रडत आली माह्यासंगं."

मग कुणीतरी विचारलं, "कसा राह्यतो वो समुद्र?"

"निस्तं पानी. जिकडं पाहावं तिकडं. पन प्यायच्या कामाचं न्हाई."

मी चहा घेऊन बाहेर आले. सगळ्यांनी कप घेतले. एकीनं सरकून मला बसायला जागा केली.

त्या गेल्यावर आत्या कप विसळता विसळता म्हणाल्या, "कोनी इचारलं तं हेच सांगजो."

मी हो म्हटलं. साखऱ्यात मी तेच सांगते. खरं इथे लिहिलं आहे.