ब्लागोयेचा खोकला

आमच्या बँडचा स्लाविशा गिटार बरी वाजवतो, पण त्याचा खरा जीव गिटारचा आवाज घडवणाऱ्या त्याच्या डिजिटल डब्यात. गेन केसभर वाढवेल, ट्रेबल उतरवेल, कान टवकारेल, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या झायेचार गावातल्या प्रत्येक लग्नात मी ओरडतो, "अरे बाबा, तुझा टोन जुळेपर्यंत नवरीला पोर होईल!"

मग गावातला म्हातारा गिटारवाला ब्लागोये वारला. त्याच्या जुन्या अँपसारखा, म्हणजे अॅम्प्लिफायरसारखा, गोड आवाज आमच्या भागात दुसरा नव्हता, आणि त्याचा मुलगा तो अँप व्हिएन्नाला नेणार होता. स्लाविशाने घाईघाईने डबा त्या घरी नेला. हा डबा अँपमध्ये शिट्ट्या आणि घरघर सोडतो, बाहेर पडणारा आवाज ऐकतो आणि अँपचा स्वभाव उतरवून घेतो. अजून ब्लागोयेचा चाळिसावा दिवस व्हायचा होता. तोवर मेलेल्याचा जीव घरातच वावरतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. खिडकीत ब्लागोयेसाठी पाण्याचा ग्लासही ठेवलेला होता. स्लाविशाला अँपपुढे काही दिसलं नाही.

टोन अप्रतिम उतरला. पण तालमीत तार थांबली की मागून बारीक खोकला यायचा. गाणं सुरू करण्याआधी ब्लागोये खोकायचा, अगदी तसाच.

"नॉइज गेट लाव की, मागचे बारीक आवाज कापले जातील," मी म्हणालो.

"लावलाय. एको, रिव्हर्ब, सगळं बंद आहे."

"मग?"

"डबा नुसता स्वभाव उतरवतो रे. खोकला येईलच कसा?"

 आम्ही दोघेही घाबरलो, खोटं कशाला बोलू.

चाळिसाव्याला मेलेल्याच्या नावाने शिजवलेला गोड गहू वाढता वाढता ब्लागोयेची बायको देसांका म्हणाली, "स्लाविशा, रोज सकाळी ग्लास थोडा उतरलेला असायचा. तू ते यंत्र आणलंस तेव्हापासून थेंब हललेला नाही. काय नेलंस रे माझ्या घरातून?"

त्याने डबा आणून तिला ऐकवला. खोकला ऐकताच ती ओरडली, "अगं बाई, तहानलाय तो! सोड त्याला. आज नाही गेला तर कधी जाणार?"

आयुष्यातला सर्वांत देखणा टोन स्लाविशाने तिच्यासमोर पुसून टाकला. आम्ही खिडकीकडे पाहत बसलो. ग्लास काठोकाठ भरलेलाच राहिला.

"आता काय राहिलं?" देसांकाने विचारलं.

 चांगला टोन हाती लागला की हे गिटारवाले तो लगेच इंटरनेटवर सगळ्यांना वाटून टाकतात. स्लाविशानेही वाटला होता.

आता तो अनोळखी गिटारवाल्यांना लिहीत बसतो, कृपा करून पुसून टाका म्हणून. देसांका रोज पाणी बदलते. काल थेस्सालोनिकीहून एकाचं उत्तर आलं: "पुसू कशाला? झकास टोन आहे, मित्रा. फक्त एक सांग, मध्येच खोकून पाणी कोण मागतं?"