यानिसच्या फोटोला घातलेला हार

मला वाटलं होतं, पाच-सहा माणसं येतील, त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला. प्रत्यक्षात लालबागमधल्या आमच्या चाळीचा हॉल दारापर्यंत भरला, आणि तिथेच मी फसले. ऐका, असा घोळ दुसऱ्या कुणी घालून दाखवावा!

माझं शाळा-कॉलेज सगळं लात्व्हियात, रिगा शहरात झालं. परत आले ती एकच ध्यास घेऊन: तिथलं आजचं वाद्यवृंदाचं संगीत गिरणगावाला ऐकवायचं. काय संगीत आहे ते! बर्फ वितळताना आवाज येत असेल, तर तसा. माझा मित्र यानिस याने नुकताच ओबो आणि वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एका वाद्याची अख्ख्या वाद्यवृंदाशी जुगलबंदी, लिहिला होता. ओबो म्हणजे आपल्या सनईची युरोपातली चुलत बहीण, फक्त लग्नघरात शोभणार नाही इतकी उदास.

चाळीचे सेक्रेटरी सावंतकाका म्हणाले, एक रविवार घे; माणसं आली तर दर महिन्याला हॉल तुझा.

मग काय! शनिवारीच हॉलच्या दारात यानिसचा मोठा फोटो ठेवला. आपल्याकडे पाहुण्याला हार घालतात, एवढं मला पक्कं ठाऊक. पाहुणा रिगात, म्हणून हार फोटोला घातला. शेजारी समई लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावलं, की अगदी शांत बसायचं, टाळ्या वाजवायच्या नाहीत.

हसताय काय? मला तेव्हा कुणी सांगितलं का?

रविवारी सकाळी लोक पांढऱ्या कपड्यांत आले. म्हटलं, काय ही शिस्त! शेजारच्या परबकाकूंनी हळूच माझा हात धरला.

"वय काय गो तेचा?"

"चौतीस."

"आवस आसा?"

"आई आहे ना. हा कॉन्चेर्टो ऐकून खूप रडली."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी धन्य झाले. अजून तर एक सूरही वाजला नव्हता!

कॉन्चेर्टोचं रेकॉर्डिंग लावलं. ओबोचा पहिला सूर जेमतेम ऐकू येतो न येतो, तोच अख्खा हॉल माना खाली घालून उभा राहिला. रिगात लोक फार तर शेवटी उभे राहतात, लालबाग सुरुवातीलाच! मला हुंदका आवरेना. तीन जणींनी माझी पाठ थोपटली.

शेवटी मी जाहीर केलं, की आता यानिस स्वतः तुमच्याशी बोलणार आहे. पडद्यावर व्हिडिओ कॉल लागला. यानिस टोस्ट खात होता. त्याने हात हलवला.

काकूंनी माझा हात सोडला.

"हा जिवंत आहे?" सावंतकाकांनी विचारलं.

"हो, काका."

काका पडद्यावरच्या टोस्टकडे बघत म्हणाले, "मुली, रविवार असून आज चाळीत कुणाकडे मासळी शिजली नाही."

हॉलचं काय, असं मी चाचरत विचारलं. काका म्हणाले, "वाजवणं बरं होतं. पण आधी बुडालेला रविवार भरून दे, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं: लात्व्हियाचं संगीत गिरणगावात रुजवायचंच. त्यासाठी पुढच्या रविवारी अख्ख्या चाळीला माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं. लगेच परबकाकूंच्या मोरीत उकिडवी बसून शिकायला लागले. रिगात इतकी वर्षं काढली, पण बांगड्याचं पोट कुठून फाडायचं, हे एकाही प्राध्यापकाने शिकवलं नव्हतं.