फवारणीनंतरचा गूळ

कुंभारीहून दादा येतो तेव्हा त्याच्या हातात डाळिंबांची पिशवी असते आणि अंगाला औषधाचा वास. आम्हाला पिशवी हवी असते, वास नको असतो, पण दोन्ही जोडीनंच येतात. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तो वास दादा गेल्यावरही रेंगाळतो.

"घरचं हाय, बिनधास्त खा," असं तो दरवेळी बजावतो. घरचं म्हणजे विहिरीजवळच्या एकाच झाडाचं. बाकीच्या बागेवर सारखी फवारणी चालते, कारण तेल्या रोग आला की फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि वर्षाचं पीक मातीत जातं. त्या एका झाडाला मात्र वहिनींच्या जुन्या साडीचा काठ बांधलेला आहे. काठ दिसला की फवारा बाजूला वळवायचा, असा घरचा नियम. वारा काही काठ बघून वळत नाही, असं मी एकदा म्हणाले, तर दादा नुसता हसला. आमच्या पोटात विष जाऊ नये म्हणून बिचारा एवढं जपतो. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात.

स्वतःच्या जिवाचं मात्र त्याला काही नाही. तोंडाला ओला पंचा, अंगात जुना शर्ट, आणि पिंपातलं औषध ढवळायला काठी सापडली नाही तर कोपरापर्यंत हात. मी मास्क आणि हातमोजे नेऊन दिले, ते शेडमध्ये खुंटीला टांगलेत, नवेकोरे. "वाफ धरती गं, दम कोंडतो," म्हणे. फवारणी संपली की गूळ. गुळानं औषध उतरतं, हे आमच्या भागात कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. वहिनी खडा घेऊन बांधावर उभ्या असायच्या आणि दादा तो न धुतलेल्या हातानंच तोंडात टाकायचा. आधी हात धू, म्हणून किती वर्षं ओरडले! पालथ्या घड्यावर पाणी. आता ओरडायचाही कंटाळा येतो.

गेल्या दिवाळीनंतर तो बागेतच कोसळला. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं. वहिनींनी आधी गूळ भरवला, मग शेजाऱ्यांच्या गाडीतून सोलापूरला आणलं. दवाखान्यात जरा बोलता आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "ऱ्हायलेल्या झाडांच्या वळी कोण मारनार?" मला राग यायला हवा होता, पण नुसता थकवा आला.

"आता फवारणीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही," डॉक्टरांनी दम भरला. मी दादाला माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. पुन्हा पंपाला हात लावणार नाही, म्हणाला. त्यानंतर मला जरा धड झोप लागू लागली.

परवा कुंभारीला गेले, तर रस्त्यावरूनच पंपाचा आवाज ऐकू आला. तावातावानं बागेकडे निघाले, पण दादा तर बांधावर उभा होता, धुतलेल्या शर्टात. शपथ त्यानं मोडली नव्हती.

झाडांमधून वहिनी येत होत्या. साडीवर दादाचा जुना शर्ट, तोंडाला ओला पंचा. विहिरीजवळच्या झाडापाशी आल्यावर त्यांनी फवारा व्यवस्थित बाजूला वळवला.

"वन्सं, लांबच थांबा," त्या ओरडल्या, "तुमाला वास सोसत न्हाय."

मी दादाकडे बघितलं. "गडी मिळंना," तो खाली बघत म्हणाला. "तेल्या काय थांबतोय व्हय?"

"आणि मास्क?"

"तिला बी वाफ धरती."

पंप बंद झाला. वहिनी चेहरा पुसत बांधावर आल्या. दादानं मूठ उघडली, आत गुळाचा खडा होता.

"वहिनी, आधी हात धुवा," मी म्हणाले.

"व्हय की," त्या म्हणाल्या. तोवर गूळ तोंडात गेला होता.