मुंबईला विचार करून कळवते

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मी हसू देणार नाही, कारण यात माझी चूक निम्मीच होती असं माझं अजूनही ठाम मत आहे. उरलेली निम्मी चूक इंग्रजी भाषेची.

झालं असं, की बारावीचा निकाल लागला आणि मी घरात जाहीर केलं, ‘मी फायनान्समध्ये पदवी घेणार.’

बाबा होडीवरून नुकतेच आले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “फायनान्सवाले म्हंजे हप्ता चुकला की गाडी उचलून नेतात ते?”

“ते नाही हो बाबा!”

“मग ठीक हाय.”

एवढीच आमच्या घरातली चर्चा. आमचं गाव आगरदांड्याच्या जरा अलीकडे. बाबांची होडी, आय मुरुडच्या बाजारात मासे विकते. तिला सगळा बाजार घाबरतो, गिऱ्हाईकसुद्धा!

मी दोन विद्यापीठांत अर्ज केला होता. एक पुण्याचं, जुनं, दगडी, गुणांवर प्रवेश देणारं. तिथून सरळ पत्र आलं, जागा दिली आहे, महिन्याभरात येऊन नाव पक्कं करा. दुसरं मुंबईचं. खासगी, नवं कोरं, सगळी काच. तिथून ईमेल आला, इंग्रजीत. सुरुवातच अशी, की आपणास कळवताना आम्हाला आनंद होत आहे...

आता मला सांगा, समोरच्याला आनंद झालाय म्हटल्यावर पुढे कोण वाचतं? मी तर फोन पलंगावर फेकला आणि ओरडत अंगणात गेले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, दर्शनाला दोन विद्यापीठांनी घेतलं! दुसऱ्या दिवशी खारघरचा जयवंतमामा पेढे घेऊन हजर. मामाचा ट्रेलरचा धंदा आहे, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असतं.

“देख दर्शू, सोचायचंच नाय. मुंबई म्हंजे ब्रँड. पुण्यात काय हाय?”

“माझं मी ठरवीन, मामा.”

“तू काय ठरवणार? तुला काय कळतं?”

संपलं! हे वाक्य मला कुणी ऐकवलं की माझ्या डोक्यात काहीतरी सटकतं. तोपर्यंत मला मुंबईच हवी होती, खरं सांगते. पण त्या क्षणापासून मी पुण्याची बाजू घेतली. जेवताना पुणे, भांडी घासताना पुणे.

आणि तेवढ्यात मुंबईहून फोन आला. गोड आवाजाची बाई. म्हणाली, “गुरुवारी अकरा वाजता कॅम्पसवर पर्सनल इंटरअॅक्शनसाठी या.”

मी मामाकडे बघितलं. “इंटरअॅक्शन म्हणजे?”

“गप्पा!” मामा म्हणाला. “पुण्याने तुला घेतलंय हे त्यांना कळलं असणार. आता मनवायला बोलवतायत.”

मला हे शंभर टक्के पटलं. पेढ्याचा परिणाम असेल.

आय म्हणाली, “मी येते. माशांच्या दोन पाट्या समोर असल्या की चकाकी बघून घ्यायचं न्हाय. कल्ला उचलून बघायचा. विचारायचं. लाजायचं न्हाय.”

मी वहीत अकरा प्रश्न लिहून काढले.

गुरुवारी आम्ही दोघी पहाटेच्या एसटीने अलिबाग, तिथून रेवस, तिथून लाँचने भाऊचा धक्का. धक्क्यावर उतरल्यावर आयचा चेहरा फुलला, ओळखीच्या चार बायका भेटल्या. टॅक्सी काचेच्या इमारतीसमोर थांबली तेव्हा मात्र तिने पदर नीट केला आणि माझा हात धरला. तिचा हात गार होता. मला वाटलं, आतल्या एसीचा वारा इथपर्यंत येतोय.

तिसऱ्या मजल्यावर भरपूर मुलं-मुली बसलेली. मे महिन्यात कोट! गळ्यात टाय! मला वाटलं, हे सगळे इथे नोकरीला असणार. टायवाल्या एकाला मी विचारलं, “दादा, प्यायचं पाणी कुठे मिळेल?”

तो घामाघूम झालेला. म्हणाला, “माहीत नाही. माझा नंबर तेरावा आहे.”

बिचारा, म्हटलं. पाण्याला एवढी रांग!

माझं नाव पुकारलं. आत तिघे. मधोमध पांढऱ्या केसांच्या मॅडम, एका बाजूला दाढीवाले सर, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपवाले तरुण सर. मी खुर्ची ओढून बसले आणि वही उघडली.

मॅडम हसून म्हणाल्या, “सांगा, आमचंच विद्यापीठ का?”

“तेच विचारायला आलेय मॅडम.”

मी पहिला प्रश्न काढला. “तुमच्या जाहिरातीतल्या फोटोतली मुलं इथेच शिकतात, की फोटोपुरती आणलेली?”

तरुण सरांना खोकला आला.

“गेटवर नोकरी लागलेल्यांचे फोटो आहेत. न लागलेल्यांचं काय होतं? आणि आत्ता शिकवणाऱ्यांपैकी पुढच्या वर्षी किती जण राहणार?”

दाढीवाले सर खुर्चीत हलले. मॅडमनी त्यांच्याकडे वळून, अगदी सहज, “हे मलाही जाणून घ्यायला आवडेल,” म्हटलं.

सरांनी विषय बदलला. “बरं, मला सांगा, व्याजदर वाढले तर जुन्या रोख्यांच्या किमतीचं काय होतं?”

मला वाटलं, हा माणूस माझी परीक्षा घेतोय? मला मनवायला बोलावून? मी वही मिटली.

“सर, ते शिकायलाच तर कॉलेजला जायचंय. आधीच येत असतं तर तुम्हाला फी कशाला दिली असती?”

मग मी हॉस्टेलच्या जेवणाचं विचारलं. बुधवारी मासे असतात का? नाही म्हणाले. रविवारी? तेही नाही. मी वहीत फुली मारली, त्यांना दिसेल अशी.

शेवटी उठले आणि म्हटलं, “पुण्याचं आधीच आलेलं आहे. तरी तुम्ही एवढं बोलावलंत म्हणून विचार करून कळवते.”

मॅडम म्हणाल्या, “आम्हीही कळवू.”

घाबरल्या, असं मला वाटलं! खरंच वाटलं हो!

परत लाँचमध्ये बसेपर्यंत मी आयला सगळं रंगवून सांगितलं. ती पाण्याकडे बघत होती. लाँच धक्क्यापासून सुटल्यावर म्हणाली, “बाय, त्या कोटवाल्या पोरांना कशाला बोलावलेलं?”

“ते तिथे कामाला आहेत.”

“न्हाय गो. परीक्षा होती ती. तोंडी. जागा थोड्या, पोरं ढीगभर. तिथं शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं मला.”

मी फोन काढला. तो ईमेल उघडला. आनंद होत आहे, इथपर्यंत ठीक. त्यापुढे, आपला अर्ज मुलाखतीच्या फेरीसाठी निवडण्यात आला आहे. त्यापुढे, याचा अर्थ प्रवेश मिळाला असा नाही. जाड अक्षरात!

माझे कान तापले. समोरच्या बाकावरचे सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटायला लागलं.

“तुला कधी कळलं?”

“तू आत गेलीस तवा.”

“मग मला हाक का नाही मारलीस?”

“दार लागलेलं.”

मला रडू येत होतं आणि हसूही. आयने पिशवीतून पाव काढून माझ्या हातात दिला. “तू विचारलंस त्यातलं खोटं काय होतं?”

“काहीच नाही.”

“मग मान खाली कशाला घालतेस? त्यांना सांगता आलं न्हाय, ती त्यांची गोष्ट. आम्ही गिऱ्हाईकाला मासा दाखवतोच ना?”

तिच्या तोंडून हे ऐकलं आणि माझी मान जी वर झाली ती आजपर्यंत वरच आहे. थोडी जास्तच, असं काही लोक म्हणतात.

आठवड्याने मुंबईचा ईमेल आला. या वेळी शेवटपर्यंत वाचला. त्यांना खेद झाला होता.

त्याच संध्याकाळी मामाचा फोन. “मुंबईचं काय झालं?”

मी म्हटलं, “नाकारलं.”

आता बघा, मी खोटं बोलले का? कुणी कुणाला नाकारलं, हे मराठीत सांगावं लागत नाही. हा आपल्या भाषेचा मोठेपणा आहे.

मामा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी मात्र त्याच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. धंद्यातल्या दोस्तांना सांगत सुटला, “आपल्या भाचीने मुंबईला रिजेक्ट केलं! सरळ तोंडावर!” ते गावात पसरलं, गावातून तालुक्यात. मी पुण्याला गेले, चांगली शिकले, रोख्यांच्या किमतीचंही कळलं. खाली येतात.

पण मी सुट्टीला आले की शाळांतून बोलावणी यायला लागली. विषय ठरलेला: दोन विद्यापीठांतून योग्य निवड कशी करावी. सांगते कशाला खोटं, मी गेले. चार शाळांत गेले. नारळ घेतले, शाली घेतल्या. फळ्यावर दोन रकाने आखून तुलना करून दाखवली. आय हे सगळं ऐकायची आणि एक शब्द बोलायची नाही. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं.

गेल्या दिवाळीत श्रीवर्धनकडच्या एका शाळेत गेले होते. भाषण झकास झालं. शेवटी मी टेबलावर हात आपटून म्हटलं, “कुणाला घाबरायचं नाही! कुठलाही प्रश्न विचारायचा!”

मागच्या बाकावरची एक बारीकशी मुलगी उभी राहिली. “ताई, मुंबईवाल्यांनी तुम्हाला प्रवेश दिलेला काय?”

मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले. अख्खा वर्ग बघायला लागला. तीन वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

ती जरा विचारात पडली. “म्हंजे एकच होतं. मग तुम्ही निवडलंत काय?”

मी म्हटलं, “तू खाली बस.”